झाकलेलं टायमिंग

आमच्या घरात मोटारीच्या शर्यतीचं वेड आलं ते नवऱ्याच्या गॅरेजमधून आणि संशय आला तो माझ्या स्वभावातून. मी मुळातच संशयी बाई. आमटीत मीठ कमी पडलं तर ते मीच कमी घातलं असेल असं मला आधी वाटत नाही. कुणीतरी डब्याला हात लावला असेल असं वाटतं. माझी आई देवाला सांगायची, हिला सासर तेवढं भोळं मिळू दे. सासर डिंगोऱ्यात मिळालं आणि भोळं तर मुळीच नव्हतं.

माहेर पिंपळवंडीचं. घरी टोमॅटो असायचा आणि क्रेट भरलेली पिकअप नारायणगावच्या मार्केटला न्यायला वडिलांची नजर पुरत नव्हती, म्हणून कॉलेजात असतानाच मी स्टिअरिंग धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला शेजारी बसवून ओतूरपर्यंत नेलं, तेव्हा तो उतरून म्हणाला होता, "तू गाडी चालवत न्हाईस, रेमटतीस." ते कौतुक होतं की तक्रार, हे मला आजही कळलेलं नाही. (मी त्याला समोर 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र 'तो'च बरा पडतो.)

त्याचं गॅरेज रस्त्याला लागून आहे. तिथे एक पांढरी छोटी गाडी अपघातात चेपून येऊन पडली होती, ती त्याने घेतली, पत्रा सरळ केला, आतल्या गाद्या, पंखे, सगळं उपसून काढलं आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला. तमिळनाडूत एका वेगवान ट्रॅकवर हौशी लोकांसाठी स्पर्धा असते. लांबलचक सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला असं वळण, की तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा की नाही ते पोटातच ठरतं. आम्ही दोघांनीही तिथल्या शिबिराला जाऊन स्पर्धेची लायसनं काढली होती. पण गाडी एक, एंट्री एक, आणि एंट्रीवर नाव एकाचंच. आपल्याला बसायचं आहे हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. दोघांनाही बसायचं होतं.

निवाडा दादांनी केला. दादा म्हणजे माझे सासरे. "लोणीला सराव करू," ते म्हणाले. "ज्याची बारी भारी, त्यो बसंल."

बारी हा शब्द बैलगाड्याचा. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत गाड्यावर माणूस बसत नाही. जुंपलेले बैल मोकळे सुटतात आणि घाटाची चढण काही सेकंदांत पार करतात. त्या एका धावेला बारी म्हणतात. दादांनी उभं आयुष्य त्या नादात घालवलं. बंदी आली तेव्हा त्यांनी बैल विकले, बंदी उठली तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. राहिलं ते फक्त स्टॉपवॉच. माझ्या माहेरी हा नाद कधीच नव्हता. वडिलांना धुरळा आणि भोंगे यांची चीड, त्यामुळे घाटातले रीतिरिवाज मला काहीच ठाऊक नव्हते. दादांच्या हातात घड्याळ दिलं, ते एवढ्याचसाठी की त्यांचा अंगठा अजून चुकत नाही.

लोणीच्या पुढे माळावर एका शेठजींनी प्लॉटिंगसाठी डांबरी रस्ता गोल फिरवून आणला होता. प्लॉट काही उठले नाहीत, रस्ता तसाच पडून राहिला. शेठजींचं मंचरला हार्डवेअरचं दुकान. घराणं राजस्थानातलं, पण मराठी आमच्याहून शुद्ध. रविवारी सकाळी ते फाटकाची साखळी उघडून द्यायचे आणि चहाचा थर्मास घेऊन खुर्ची टाकून बसायचे. आम्ही बिबट्याच्या धास्तीने उजाडल्याशिवाय घर सोडायचो नाही, त्यामुळे टेम्पोवर गाडी चढवून तिथे पोचेपर्यंत ऊन चांगलं वर यायचं. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारायची, दादा रेघेवर उभे राहायचे, आधी नवरा फेरी मारायचा, मग मी.

पहिल्या रविवारी दादांनी नवऱ्याचं टायमिंग माळभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. माझं सांगताना ते जवळ आले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "दोन सेकंद जास्ती." मला वाटलं, पहिलाच दिवस आहे.

दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्याही. मी कितीही जीव तोडून चालवलं तरी त्याच्यामागे तेवढीच राहायचे. तो कमी वेळात आला की मीही थोडी कमी वेळात यायचे, आणि अंतर पुन्हा तेवढंच. असं कुठे असतं? माझं डोकं तिथेच फिरायला लागलं. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नवऱ्याची फेरी झाली की दादा घड्याळ त्याच्यापुढे धरायचे. माझी झाली की बटण दाबून घड्याळ थेट कोपरीच्या खिशात.

"दादा, बघू की," मी एकदा म्हणाले.

"त्यात काय बघायचं? पुन्यांदा मार."

नवरा समजूत काढायला पुढे. "व्हतंय, व्हतंय. वळणाला घाबरतीस जरा, बाकी काय न्हाई."

मी वळणाला घाबरते! घाबरत मी कशालाच नाही, आणि वळणाला तर नाहीच. पण तो हे इतक्या मायेने बोलला, की मला वाटलं, यातच काहीतरी आहे. माणूस विनाकारण इतका मायाळू होत नाही.

मग मी गाडीच्या मागे लागले. माझ्या फेरीच्या आधी तो चाकातली हवा कमी करत असेल, असं मनाने घेतलं. आळेफाट्याहून हवा मोजायचं माझं स्वतंत्र गेज आणलं आणि तो पाणी प्यायला गेला की चारही चाकं मोजायची. हवा बरोबर. मग वाटलं, माझ्या वेळी टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे गाडी जड व्हावी. टाकी बघितली, तर उलट माझ्या वेळीच कमी. मग वाटलं, बॉनेटखाली काहीतरी करतो, पण माझी फेरी लागलीच त्याच्यानंतर, मध्ये बॉनेट उघडायला वेळच कुठे होता? जितकं काही सापडत नव्हतं तितका माझा संशय पक्का होत गेला. चोर हुशार असला की काही सापडत नाही, एवढंच मी त्यातून शिकले.

घरी तो आणि दादा गोठ्याच्या कडेला बोलत उभे असायचे आणि मी आले की गप्प व्हायचे. आता विचार केला तर ते बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून गप्प होत असावेत, कारण मी तेव्हा दिवसभर तोंड पाडूनच फिरत होते. एकदा तो पुण्याला सुटे भाग आणायला गेला आणि येताना माझ्या मापाचे, शर्यतीत घालायचे हातमोजे घेऊन आला. कुणीही बाई खूश झाली असती. मी रात्रभर तळमळले. बसणार हाच, मग मला मोजे कशाला? आधीच समजूत काढून ठेवायची म्हणून?

त्या रागात पुढच्या रविवारी मी वळणावर पाय उचललाच नाही. गाडीची मागची बाजू सुटली, डांबर सोडून खडीत गेली, आणि बांधाच्या दगडापासून हातभर अंतरावर थांबली. धुरळा बसला तेव्हा दादा लंगडत पळत येताना दिसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एवढा नेट लावू नको, पोरी," ते खिडकीत वाकून म्हणाले. "पुरं झालं. लई झालं."

मला वाटलं, मी हळू जावं असंच यांना वाटतंय. मुलगा बसावा म्हणूनच हे सगळं चाललंय. आता मला गाडीचा संशय राहिला नाही. गाडी सरळ होती. घड्याळ वाकडं होतं.

घड्याळ वाकडं आहे हे सिद्ध करायला फार अक्कल लागली नाही. पुढच्या खेपेला मी मोबाइल पिंजऱ्याच्या पाइपाला रबराने घट्ट बांधला आणि व्हिडिओ चालू ठेवला. पांढरी रेघ चाकाखाली गेली तिथून पुन्हा पांढरी रेघ आली तिथपर्यंत. दादांनी नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात टायमिंग सांगितलं. मी टेम्पोच्या आडोशाला जाऊन व्हिडिओ मागे-पुढे करून पाहिला. दादांनी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा मी कितीतरी आधी आले होते. नवऱ्याच्याही आधी.

तोच व्हिडिओ मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. तरी मी गप्प राहिले. संशयी माणसाला एका पुराव्याने समाधान होत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मोबाइल गाडीत "विसरले", नवऱ्याची फेरी झाली, आणि त्याचा व्हिडिओ पाहिला. त्याचं टायमिंग दादांनी ओरडून सांगितलं होतं तेवढंच भरलं. अगदी बरोबर. म्हणजे म्हाताऱ्याचा अंगठा चुकत नव्हता. त्यांचं घड्याळ एकट्या माझ्याशी खोटं बोलत होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दादांना भाकरी वाढताना हात आखडायचा. ज्यांना आपण वडिलांच्या जागी मानलं त्यांनी असं करावं? आणि नवरा तर नक्की सामील. रोज रात्री शांत झोपतो, म्हणजे सामीलच. मी ठरवून टाकलं होतं, की एंट्रीवर त्याचं नाव गेलं तर मी पिंपळवंडीला निघून जाणार, आणि कशासाठी ते कुणालाही सांगणार नाही. एका शर्यतीसाठी कोण घर सोडतं, असं लोक म्हणाले असते. शर्यतीसाठी नव्हतंच ते. आपल्याच माणसांनी आपल्याला खाली ओढलं, हे माहीत असून रोज त्यांच्यासाठी चूल पेटवायची, ते मला जमलं नसतं.

एंट्री पाठवायच्या आधीचा शेवटचा रविवार. दोघांच्या फेऱ्या झाल्या. दादांनी त्याचं टायमिंग ओरडून सांगितलं, माझं कुजबुजत. मी हेल्मेट काढून बॉनेटवर आदळलं.

"खोटं बोलताय तुमी," मी म्हणाले. सासऱ्यांशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. "माझ्याकडं व्हिडिओ हाय. यांचा पण हाय. यांचं खरं सांगता, माझं वाढवून सांगता. तुमी दोघांनी मिळून चालवलंय."

"काय चालवलंय?" नवरा म्हणाला. मी मोबाइल त्याच्या हातात कोंबला. त्याने एक व्हिडिओ पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझ्या संशयाचा अर्धा डोलारा तिथेच बसला.

"दादा?" तो म्हणाला.

दादा ओशाळले नाहीत. त्यांनी आधी खुर्चीत बसलेल्या शेठजींकडे पाहिलं, मग आम्हाला हाताला धरून टेम्पोच्या मागे नेलं.

"आवाज कमी कर. ह्यो व्हिडिओ कुणाकुणाला दावलाय?"

"कुणाला न्हाई."

"मंग पुसून टाक."

"दादा, मी काय इचारतीय?"

"अगं, घाटात खरं टायमिंग कोण सांगतं व्हय?" ते माझ्यावरच वैतागले. "जनावर पळाया लागलं की त्याची बारी झाकायची. चार लोकांच्या कानावर गेली की दिष्ट लागती. वर समोरचा सावध व्हतो. त्यो शेठ बसलाय तिथं, त्याच्या दुकानात धा गावची माणसं येत्यात. समद्यांना ठावं हाय ह्ये. तुला म्हायती न्हाई?"

मला माहिती नव्हतं. ज्या घरात बैलगाडा नव्हता तिथून मी आले होते.

"पण मला तरी सांगायचं ना! मी काय बाहेरची हाय?"

"तुला सांगितलं असतं तर सांजंला पिंपळवंडीला फोन गेला असता. गेला असता का न्हाई?"

गेला असता.

"आन् बसायचं तुलाच व्हतं," दादा म्हणाले. "ते मी पयल्याच रविवारी ठरवलंय. फारम भरताना सांगणार व्हतो."

मी एवढे आठवडे ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते माझ्यावरच भिस्त ठेवून बसले होते. मला आनंद झाला, कशाला खोटं सांगू? उड्या माराव्यात असं वाटलं. त्याच वेळी नवऱ्याने हळू आवाजात विचारलं.

"मंग माझं रोज माळभर वरडून का सांगत व्हता तुमी?"

दादांना प्रश्नच कळला नाही. "तुझं?" ते म्हणाले. "तुझं काय झाकायचं व्हतं?"

हे ते टोचून बोलले नव्हते. खरं तेच सांगितलं, इतक्या सरळपणे. बोलून गेल्यावर मात्र त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली. नवऱ्याने मोबाइल मला परत दिला. "चला, गाडी चढवू," एवढंच म्हणाला. लोणीहून डिंगोऱ्यापर्यंत टेम्पो त्यानेच चालवला. मला आठवत राहिलं, की गावात कुणीही विचारलं तरी दादा मुलाबद्दल सगळं मोकळेपणी सांगून टाकतात. बारावीला राहिला, गॅरेज जेमतेम चालतं, गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. आजवर मला तो त्यांचा भाबडेपणा वाटत होता. त्याला काय वाटत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

एंट्रीवर माझं नाव गेलं. आणि माझ्या संशयाने कूस बदलली. आता याच्या मनात काय असेल? ज्या गाडीला त्याने महिनोन्महिने जीव लावला, त्या गाडीत मी बसणार आणि बापाच्या तोंडून ते असं ऐकलेलं. गाडीचा एकेक नट त्याच्या हातातून जाणार होता. मुद्दाम कोण काही करेल असं मी म्हणत नाही, पण मन लागलं नाही की हात सैल पडतो. त्याने सीटचे पट्टे बसवले की मी ओढून बघायचे. ब्रेकचं काम झालं की मी तो जेवायला गेल्यावर खाली वाकायचे. एकदा त्याने मला तसंच वाकलेलं पाहिलं.

पाना माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "तूच आवळ. जीव तुझाय त्यात." आणि जेवायला निघून गेला. ते रागाने म्हणाला की मनापासून, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही. मी आवळलं. आधीच घट्ट होतं.

ट्रॅकवर आम्ही दोघेच गेलो. दादांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. आजूबाजूला चेन्नई, बंगळूर, कोइमतूरची मंडळी, त्यांचे तंबू, त्यांची इंग्रजी. आमच्याकडे बघून कुणी हसलं की मला वाटायचं, गाडीलाच हसले. नवरा गाडीभोवती फिरत होता, पण माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होता. मी मनाशी म्हटलं, इथवर आला, पण मनाने आला की नाही, कोण जाणे.

सराव फेरीत पहिल्यांदा तो लांब सरळ पट्टा मला मोकळा मिळाला. टोकाचं वळण आलं आणि मी पोटाचं ऐकलं. किती वेगात गेले ते कळलं नाही; गाडी सरळ आली एवढंच कळलं. परत येऊन हेल्मेट काढलं तर समोर भला मोठा दिव्यांचा बोर्ड. सगळ्यांची टायमिंगं सगळ्यांसमोर. दादा असते तर त्यांनी तो बोर्ड पोत्याने झाकला असता. माझं नाव वरून दुसरं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. हात ग्रीसने माखले होते म्हणून त्याने कोपराने स्पीकर चालू केला.

"कितीची झाली बारी?" दादांचा आवाज आला. "कुनी हाय का आजूबाजूला?"

आजूबाजूला सगळेच होते, आणि मराठी कुणालाच कळत नव्हती. नवरा बोर्डाकडे बघत राहिला. तिथे माझं नाव होतं, आणि त्याने बसवलेली गाडी, आणि ज्या जागेसाठी तो इतके दिवस गप्प होता ती जागा. इथे तो खरं ओरडून सांगू शकला असता.

"काय न्हाई दादा," तो म्हणाला, "बेताचीच झाली. मधी कुठंतरी हाय."

तिकडून दादा म्हणाले, "बरं, बरं," आणि फोन ठेवला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच तोंड फिरवून पुन्हा हेल्मेट घातलं, कारण मला रडू फुटलं होतं आणि ते त्या लोकांसमोर दाखवायचं नव्हतं.